सोसायटी ग्रुप, जळगाव : रसाचा पोल आणि चिनूचा धातू

जिभाऊ (बी-२०४): चिनू भो, काल खाली बाकावर तुझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचं बोलणं अर्धंच राहिलं. तुझा धातू प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाची लाट ज्या दिशेत हलते ती दिशा, फिरवतो म्हणालास. हे तर आम्ही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोज बघायचो. रसात लेड सबअ‍ॅसिटेट टाकायचं, गाळायचं, २०० मिलिमीटरची नळी भरायची आणि पोलॅरिमीटरमध्ये कोन वाचायचा. साखर जास्त तर कोन जास्त; त्यावरून रसाचा पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढायचो. मग तुझ्या धातूत नवं काय शे?

चिनू (ए-३०१): जिभाऊ, त्या नळीच्या मागे आरसा लावला असता तर? प्रकाश परत येताना साखर तेवढाच कोन उलटा फिरवते, हाती शून्य. चुंबकत्वामुळे होणारं फिरणं असं मिटत नाही. येताना त्यात भर पडते, कोन दुप्पट होतो. १८४५ मध्ये फॅरेडेने काचेला चुंबकीय क्षेत्रात ठेवून हे फिरणं दाखवलं. १८७७ मध्ये जॉन केर या शास्त्रज्ञाला चुंबकाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातही ते दिसलं.

सेक्रेटरी: वाघूरचं पाणी उद्या सकाळी येणार आहे. मोटर लवकर लावा.

वहिनी (ए-१०२): चिनू, मग याला बाहेरून चुंबक लावावाच लागतो का?

चिनू: वहिनी, खरी गंमत तिथेच आहे. चुंबकीय वाइल सेमीमेटल या प्रकारच्या धातूत बाहेरचं क्षेत्र नसतानाही प्रकाश फिरतो. त्यात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे दोन पट्टे मोजक्याच बिंदूंवर एकमेकांना टेकतात. हे वाइल बिंदू जोडीने येतात, एक डावा, एक उजवा. जोडीतलं अंतर जणू आतल्या आत चुंबकीय क्षेत्राचं काम करतं. आता सरळ पोलरायझेशनचा प्रकाश म्हणजे डाव्या आणि उजव्या फिरकीच्या दोन लाटांची बेरीज. त्या जोडीला जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने प्रकाश गेला की दोन्ही लाटांचा वेग सारखा राहत नाही. एक मागे पडते आणि बेरजेची दिशा वळते. चुंबकत्व उलटं केलं की वळणही उलटं.

जिभाऊ: म्हणजे वाइल बिंदू असले की झालं?

चिनू: नाही जिभाऊ. २०१५ मध्ये टँटलम आर्सेनाइडमध्ये वाइल बिंदू सापडले, पण ते चुंबकीय नाही. त्यातल्या जोड्या एकमेकींचा परिणाम खोडतात. चुंबकत्व हवंच. कोबाल्ट, टिन आणि सल्फरचा Co₃Sn₂S₂ हा स्फटिक तसा आहे. २०१९ मध्ये त्यातले वाइल बिंदू प्रयोगात दिसले.

वहिनी: आणि याचा उपयोग?

चिनू: लेसरचा प्रकाश परत येऊन लेसरमध्येच शिरला तर लेसर बिघडतो. म्हणून वाटेत आयसोलेटर, म्हणजे प्रकाशाला एकाच बाजूने जाऊ देणारा भाग, बसवतात. त्यात पोलरायझेशन जाताना ४५ अंश वळतं, परतताना आणखी ४५, मिळून ९०. मग वाटेतला पहिलाच पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचं पोलरायझेशन जाऊ देणारी गाळणी, त्याला अडवतो. साखरेने हे कधीच जमणार नाही. आज त्यासाठी गार्नेटचे स्फटिक आणि शेजारी चुंबक लागतात. वाइल धातूने हे काम पातळ थरात आणि बाहेरच्या चुंबकाशिवाय होईल, या आशेवर बरेच लोक लागलेत. मला तरी या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. अडचण एवढीच की Co₃Sn₂S₂ उणे ९६ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असेल तरच चुंबक राहतो.

वहिनी: उणे ९६! आपल्याकडे मे महिन्यात ४५.

चिनू: कोबाल्ट-मँगनीज-गॅलियमच्या मिश्रधातूचं चुंबकत्व मात्र ४५ काय, ३०० अंशांच्या पुढेही टिकतं. वाइल बिंदू त्यातही आहेत.

जिभाऊ: मग त्याचंच सांग. संध्याकाळी खाली ये, वही घेऊन ये. त्या दोन लाटा मला काढून दाखव.