घरभर मोकळे फिरणारे ससे आणि चालणाऱ्यांचे पाय

प्रश्न (कोथरूड, पुणे)

नमस्कार. आमच्या सदनिकेत दोन ससे आहेत, एक नर आणि एक मादी, आणि ते पिंजऱ्यात न राहता दिवसभर घरात मोकळे असतात. विजेच्या वायरी पट्टीत बंद केल्या आहेत, कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये जाण्याची सवयही दोघांना बऱ्यापैकी लागली आहे, त्यामुळे खाण्यापिण्याबद्दल किंवा स्वच्छतेबद्दल मला काही विचारायचे नाही. माझा प्रश्न चालण्याचा आहे.

सकाळी डब्यांच्या गडबडीत मी ओट्यापाशी उभी असते, नेमके तेव्हाच दोघे स्वयंपाकघरात येतात आणि नर माझ्या पावलांभोवती बारीक गुणगुणल्यासारखा आवाज करीत गोल गोल फिरत राहतो. त्याची नसबंदी नुकतीच झाली आहे, मादीची अद्याप व्हायची आहे. दुपारी, विशेषतः उन्हाळ्यात, दोघेही मधल्या बोळकांडीत पाय ताणून आडवे पडतात आणि आम्हाला त्यांना ओलांडून जावे लागते. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, काठी घेऊन चालतात आणि घरातही साडीच नेसतात. साडीच्या घेरामुळे पावलाशी काय आहे हे त्यांना दिसत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरी मादी तर मलाही पटकन दिसत नाही.

माहेरी मांजरे होती. पाऊल जवळ आले की मांजर आपण होऊन बाजूला सरकते, मग ससे का सरकत नाहीत? शेजारच्या काकूंनी गळ्यात घुंगरू बांधण्यास सुचवले आहे. दिवसभर पिंजऱ्यात कोंडणे मनाला पटत नाही, पण सासूबाई पडल्या किंवा ससा पायाखाली आला, तर दोन्हींपैकी काहीही परवडण्यासारखे नाही. ज्यांच्या घरी ससे असे मोकळे असतात, ते घर कसे चालवतात?

प्रतिसाद (ठाणे)

ताई, मांजराशी तुलना केलीत तेथेच उत्तराची सुरुवात आहे. मांजर शिकारी आहे आणि ससा शिकार होणारा आहे. धोका वाटला की ससा आधी जागच्या जागी थिजतो, आणि थिजणे पुरेसे वाटले नाही तर बिळाच्या दिशेने सुसाट सुटतो; हळूच एक पाऊल बाजूला होणे हा प्रकार त्याच्या वागण्यात फारसा नाहीच. त्यातही तुमचे ससे तुम्हाला घाबरत नाहीत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त थेट नाकासमोरचा थोडा भाग दिसत नाही, म्हणजे तुमचे पाऊल त्यांना दिसत नाही असे नव्हे, त्या पावलाची त्यांना भीती उरलेली नाही. जितका ससा माणसाळतो तितका तो पायात येतो, हे मोकळे ससे पाळणाऱ्याने आधीच गृहीत धरावे.

आता बिळाबद्दल. घरात पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली बिळे करून कळपाने राहणारा आहे. (आपल्या माळरानावर दिसतो तो ससा निराळ्या जातीचा आहे, तो बिळे करीत नाही आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पाळताही येत नाही, कोणी शेतातले पिल्लू आणून देऊ लागले तर घेऊ नये.) हा बिळातला प्राणी घाबरला की लपण्याच्या जागेकडे सर्वांत जवळच्या वाटेने पळतो आणि त्या वाटेत तुमचे पाय असले तर पायांमधून जातो. म्हणून लपण्याच्या जागा किती आहेत यापेक्षा त्या कोठे आहेत याला महत्त्व आहे. समजा, खाणे बोळकांडीच्या एका बाजूच्या खोलीत आणि लपण्याचे खोके दुसऱ्या बाजूच्या खोलीत असेल, तर दिवसातून कितीतरी वेळा ससे तुमची वाट आडवी कापणारच. प्रत्येक खोलीत, भिंतीला लागून, दोन्हीकडून उघडे असलेले एक खोके किंवा स्टुलाखाली चादर सोडून केलेला आडोसा असावा, आणि चारा व ट्रे त्याच भिंतीला असावेत. असे केल्यावर त्यांच्या वाटा भिंतीकडेने जाऊ लागतात आणि खोलीचा मधला भाग माणसांसाठी मोकळा राहतो. माझ्या मते या एका बदलाने निम्मी अडचण दूर होते.

राहिलेल्या अडचणीचे कारण वेळ हे आहे. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतात, आणि मराठी घरातल्या स्वयंपाकघरातली धावपळही नेमकी त्याच दोन वेळांना असते. गॅस पेटवण्याआधी दुसऱ्या खोलीत ताजे गवत आणि मूठभर कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला ठेवा, म्हणजे तुमचे डबे भरून होईपर्यंत ते तिकडे गुंतलेले राहतील. मात्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या देठ टाकण्याची सवय घरातल्या सर्वांनी सोडायला हवी, कारण ओट्याखाली खाऊ मिळतो हे एकदा कळलेला ससा तेथून हलत नाही.

घुंगरू बांधू नये. गळ्यातला पट्टा कोठेतरी अडकतो, सतत कानाशी वाजणाऱ्या आवाजाने ससा बेचैन होतो, आणि आडव्या पडलेल्या सशाचे घुंगरू वाजतच नाही.

प्रतिसाद (सातारा)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हातभर उंचीची आडवी फळी लावावी आणि प्रश्न मिटवावा. आमच्या गावाकडच्या घरी कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून अशीच फळी असते. मोकळे ठेवण्याला माझा विरोध नाही, परंतु ज्या घरात काठी घेऊन चालणारे माणूस आहे त्या घरात आधी माणसाचा विचार व्हावा, असे मला वाटते.

प्रतिसाद (पशुवैद्य, नाशिक)

फळीबद्दल प्रथम. धडधाकट ससा हातभर उंचीची फळी सहज ओलांडतो, आणि पंचाहत्तरीच्या बाईंना मात्र तीच फळी ओलांडताना तोल जाण्याचा धोका आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी ती लावायची त्यांच्यासाठीच ती अडथळा ठरेल. लहान मुले जिन्यावर जाऊ नयेत म्हणून उघडझाप होणारे जाळीचे फाटक मिळते, ते लावावे. त्याची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास असावी आणि गजांमधून सशाचे डोके जाणार नाही इतके अंतर कमी असावे.

नराचे गोल फिरणे आणि गुणगुणणे हे प्रणयाचे वर्तन आहे, तो तुमच्याकडे खाऊ मागतो आहे असे नव्हे. नसबंदीनंतर शरीरातील संप्रेरके हळूहळू उतरतात, त्यामुळे काही आठवड्यांत हे फिरणे बहुतेक कमी होईल. पण तुमच्या प्रश्नातील दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटली. नसबंदी झालेला नर त्यानंतरही साधारण चार ते सहा आठवडे प्रजननक्षम असू शकतो, आणि मादीची शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही. तोवर दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवावे. गर्भकाळ जेमतेम एका महिन्याचा असतो आणि त्यानंतर पायाखाली दोन नव्हे, आठ ससे असतील. मादीची शस्त्रक्रिया केवळ पिल्ले टाळण्यासाठी नाही. तीन-चार वर्षांच्या पुढील माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यामुळे सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून ती वेळेवर करून घ्यावी.

सशाची हाडे हलकी असतात. मांजराच्या शरीराच्या वजनात सांगाड्याचा वाटा सुमारे १२ ते १३ टक्के असतो, तर सशात तो ७ ते ८ टक्केच असतो, आणि मागील पायांचे स्नायू मात्र अतिशय ताकदवान असतात. म्हणून ओझरता पाय लागला तरी निष्काळजी राहू नये. चुकीच्या पद्धतीने उचललेला ससा हवेत लाथ मारताना स्वतःच्याच जोराने कंबरेचा मणका मोडून घेऊ शकतो, म्हणून सासूबाईंनी वाटेतला ससा उचलून बाजूला ठेवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाय पडलाच, तर सशाला टॉवेलने हलकेच सपाट फळीवर किंवा खोक्यात सरकवावे, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. मागचे पाय ओढत चालणे, लघवी न होणे, कान थंड पडणे ही गंभीर लक्षणे आहेत. बाहेरून काही दिसत नसले तरी वेदनेमुळे ससा खाणे थांबवतो आणि त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते; दहा-बारा तास खाणे व लेंड्या बंद असतील तर ती तातडीची बाब समजावी. घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नयेत, आणि तोंडावाटे दिले जाणारे अमॉक्सिसिलिन तर सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते.

जाता जाता काठीबद्दल. काठीच्या टोकाचे रबरी बूच सशांना कुरतडायला फार आवडते. बूच झिजले तर काठी घसरते आणि रबराचे तुकडे सशाच्या पोटात अडकतात, म्हणून काठी रात्री उंचावर टांगून ठेवावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फाटक मागवत आहे आणि दोघांना आजपासून वेगळे ठेवले आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. दुपारी बोळकांडीत आडवे पडण्यावर उपाय काय? आणि दिवाणखान्यातल्या झोपाळ्याचे काय करावे? सासूबाईंना रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसल्याशिवाय चैन पडत नाही.

प्रतिसाद (लीड्स, इंग्लंड)

येथे बहुतेक घरांत गालिचा असतो, त्यामुळे सशांचे पाय घसरत नाहीत. हा फरक पुण्यातल्या घरात गेल्यावर माझ्या लक्षात आला. कुत्र्या-मांजरांच्या तळव्यांना असते तशी गादी सशाच्या पावलाला नसते, तेथे केवळ केस असतात, त्यामुळे गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर त्याला वळता येत नाही आणि वेळेवर थांबताही येत नाही. पळता पळता तो घसरत येऊन पायावर आदळतो, आणि बघणाऱ्याला वाटते की तो मुद्दाम आडवा आला. भिंतीकडेच्या ज्या वाटांबद्दल वर लिहिले आहे त्यांवर सतरंजीच्या पट्ट्या टाकाव्यात, आणि माणसांच्या वाटेवर मात्र काहीही अंथरू नये, कारण काठीचे टोक सतरंजीच्या काठात अडकते. गडद रंगाची सतरंजी घेतली तर पांढरी मादी तिच्यावर उठून दिसेल, हा आणखी एक फायदा.

कोंडून ठेवण्याबद्दल तुमच्या मनात जो संकोच दिसतो, त्याबद्दल थोडे. येथील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग, कायम खुली जागा असावी असे सांगते. म्हणजे एखादी लहान खोली किंवा जाळीने वेगळा केलेला तिचा मोठा भाग. एवढ्या जागेत डब्यांच्या वेळी तासभर आणि पाहुणे आल्यावर आणखी थोडा वेळ ससे राहिले, तर त्यात क्रूरता नाही. गौरी-गणपतीत घर माणसांनी भरलेले असताना त्यांना मोकळे ठेवणे ही मला उलट अधिक क्रूर गोष्ट वाटते. (गणपतीच्या दूर्वांतील उरलेल्या जुड्या त्यांच्या वाट्याला जाऊ द्याव्यात, फक्त हळद-कुंकू लागलेल्या नकोत.)

प्रतिसाद (ठाणे)

बोळकांडीत ते पडतात ते थंडाव्यासाठी. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर जाते, आणि तापमान तिशीच्या आसपास गेले की त्याला त्रास सुरू होतो. बोळकांडीत फरशी सावलीत असते आणि दोन्ही खोल्यांचा वारा तेथून जातो, म्हणून तेथून हाकलून काही उपयोग होत नाही. त्याहून थंड जागा दुसरीकडे करून द्यावी लागते. शहाबादी फरशीचे दोन सुटे तुकडे टेबलाखाली, पंख्याचा वारा लागेल असे ठेवा आणि दुपारी त्यांच्याजवळ पाणी गोठवलेली बाटली जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. शहाबादी फरशी थोडी खरखरीत असल्याने पायही घसरत नाहीत. नवी जागा त्यांच्या अंगवळणी पडायला काही दिवस जातील, तोवर बोळकांडीच्या तोंडाशी एक खुर्ची आडवी ठेवली तरी चालेल, पण सासूबाईंच्या येण्याजाण्याच्या वेळी ती काढावी. फरशी फिनेलने पुसत असाल तर ते बंद करा, कारण ससे पावले चाटून साफ करतात.

झोपाळ्याबाबत मात्र तडजोड करू नये. हलत्या पाटाखालची सावली सशाला आडोशासारखी वाटते, आणि पाय टेकवून झोका थांबवताना टाच नेमकी तेथेच येते. सासूबाई झोपाळ्यावर बसतील तेवढा वेळ ससे दुसऱ्या खोलीत, दार लावून. तीच त्यांची संध्याकाळच्या चाऱ्याची वेळ ठरवली, तर ते आपण होऊन आत जाऊ लागतील. बसून झाल्यावर झोपाळा कडीला अडकवून ठेवा. वाऱ्याने आपटणाऱ्या दारांनाही खाली रबरी अटकाव लावून घ्या, कारण दाराच्या फटीत बसणे हाही सशांचा आवडता उद्योग आहे. रात्री सासूबाईंच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत मंद दिवा असावा आणि पाय उचलून टाकण्याऐवजी फरशीला घासत, सरकवत चालण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी. सरकत येणाऱ्या पावलाने ससा ढकलला जातो, चिरडला जात नाही. मागे पाऊल टाकण्यापूर्वी वळून पाहणे मात्र कोणीही टाळू नये, विशेषतः हातात गरम भांडे असताना.