मदत हवी आहे: तपासलेल्या घरात ११ महिन्यांनी वाळवी निघाली, पीआय (कामातल्या चुकीसाठीचा व्यावसायिक विमा) पॉलिसी संपायला १६ दिवस (ब्रिस्बेन)

फरशीखालचा

मंडळी नमस्कार. मूळचा सांगलीचा, सिव्हिल डिप्लोमा. ब्रिस्बेनला घरं विकत घेणाऱ्यांसाठी बिल्डिंग आणि पेस्ट (वाळवीसारखी कीड) इन्स्पेक्शन करतो. म्हणजे माळ्यावर चढायचं, फरशीखाली रांगायचं, भिंतीला मॉइश्चर मीटर लावायचा, लाकूड ठोकून पोकळ वाजतं का ते ऐकायचं आणि रिपोर्ट द्यायचा. रिपोर्ट पटला नाही तर करारातल्या कलमानुसार घेणाऱ्याला ठरलेल्या तारखेआधी माघार घेता येते. त्यामुळे त्या कागदावर सगळा भरवसा.

तर झालंय असं. ११ महिन्यांपूर्वी एक घर तपासलं. इथल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात, लाकडी सांगाडा आणि त्यावर प्लास्टरबोर्ड. वाळवी आतून खाते, बाहेरचा रंग जसाच्या तसा. काल घरमालकाची ईमेल आली. गॅरेज आणि बाथरूम यांच्या मधल्या भिंतीत वाळवी, स्टड (सांगाड्याचे उभे लाकडी खांब) पोखरलेले, सुताराचं कोटेशन ३८,००० डॉलर. शेवटी एवढंच लिहिलंय, “तुमच्या रिपोर्टमध्ये हे कसं आलं नाही, कळवाल का?” पैसे मागितलेले नाहीत.

माझा रिपोर्ट काढून पाहिला. गॅरेजच्या बाजूने खोके छताला टेकले होते, त्याचा फोटो आहे, ‘हा भाग तपासता आला नाही’ असंही लिहिलंय. बाथरूमच्या बाजूने मीटरचं रीडिंग जास्त आलं होतं, तेही लिहिलंय. पण पुढे काय करा, हे लिहायचं राहिलं. ही चूक मला दिसतेय, लपवत नाही.

पॉलिसी १६ दिवसांनी संपते. ओळखीचा एक जण म्हणतो, अजून क्लेम कुठे आलाय, आधी रिन्यू कर आणि मग बघ, नाहीतर हप्ता वाढेल. शिवाय दुसऱ्या एका कंपनीचं ८०० डॉलरने स्वस्त कोटेशन आलंय, तिकडे जाऊ का? आणि घरमालकाला काय उत्तर देऊ? बिचारा चांगला आहे. माफी मागून एक्सेसएवढे (क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम), म्हणजे ५,००० डॉलर, खिशातून द्यावेत असं वाटतंय. रात्रभर झोप नाही.

गुहागरकर

आमच्या घरात वाळवी म्हणजे घरचंच माणूस, तिच्यासाठी कुणावर दावा लावता येतो हे आजच कळलं. आपल्याकडे रेरात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते, पण जुनं घर घेताना तपासून देणारा कोण असतो? वकील सातबारा बघतो, बाकी देवाची कृपा. असो, दादा, जाणकार येतीलच.

यारा_काठची

मेलबर्नला इन्शुरन्स ब्रोकरकडे काम करते, रोज हेच बघते. ओळखीच्या माणसाचं मुळीच ऐकू नका.

पीआय पॉलिसी गाडीच्या विम्यासारखी नसते. गाडीला अपघाताच्या दिवशी जी पॉलिसी चालू असेल ती लागते. पीआयमध्ये तुमच्याविरुद्ध मागणी ज्या दिवशी येते, त्या दिवशीची पॉलिसी लागते, मग काम ११ महिन्यांपूर्वीचं असो की ४ वर्षांपूर्वीचं. आता तुमचा सल्लागार सांगतो तसं करून बघा. तुम्ही गप्प बसलात, रिन्यू केलं आणि दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. नवी पॉलिसी म्हणणार, हे तुम्हाला आधीच माहीत होतं, तेव्हा आम्ही देत नाही. जुनी म्हणणार, आमची मुदत संपली. दोन्हीकडून हात रिकामे. रिन्युअलच्या फॉर्मवर ‘क्लेम होऊ शकेल असं काही माहीत आहे का’ हा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहिलंत तर माहिती दडवल्याचं प्रकरण वेगळंच.

उलट आज कळवलंत तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १९८४ च्या इन्शुरन्स कॉन्ट्रॅक्ट्स अ‍ॅक्टचं कलम ४०, पोटकलम ३. क्लेम उभा राहू शकेल अशी परिस्थिती कळल्यावर शक्य तितक्या लवकर आणि मुदत संपायच्या आत लेखी कळवली, तर पुढे क्लेम मुदतीनंतर आला या कारणावरून कंपनीला अंग काढता येत नाही. मालकाने पैसे मागितले नसले तरी ती ईमेल म्हणजे नेमकी अशी ‘परिस्थिती’. फोनवर सांगून भागणार नाही, लेखीच हवं. घराचा पत्ता, तपासणीची तारीख, सही झालेला करार, रिपोर्ट, मूळ फोटो, ती ईमेल, सगळं जोडा. रिपोर्टमध्ये आता एक अक्षरही बदलू नका.

माफी मागू नका आणि पैसे तर अजिबात देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, ही अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते. ५,००० डॉलर देऊन ३८,००० चं संरक्षण घालवाल. मालकाला सध्या दोन ओळी पुरेत: ईमेल मिळाली, लक्ष घालतोय, लवकरच कळवतो. भिंत उघडून दुरुस्ती करण्याआधी कंपनीच्या माणसाला पाहू द्यावी ही विनंती करायचीच आहे, पण तिची भाषा ब्रोकरकडून पास करून घ्या.

स्वस्त कोटेशनमध्ये ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’ काय आहे ते बघा, म्हणजे कोणत्या तारखेपासूनची कामं पॉलिसीत धरली आहेत ते.

फरशीखालचा

ताई, खूप आभार. आत्ता पाहिलं. तिथे पॉलिसी सुरू होण्याचीच तारीख आहे. माझ्या सध्याच्या पॉलिसीत २०१९ आहे, मी धंदा सुरू केला ते वर्ष.

यारा_काठची

मग ते ८०० डॉलर विसरा. त्या पॉलिसीत तुमचे २०१९ पासूनचे सगळे रिपोर्ट उघडे पडतात. करार मोडल्याचा दावा क्वीन्सलँडमध्ये ६ वर्षांपर्यंत लावता येतो. कंपनी बदलायचीच असेल तर जुनी तारीख पुढे चालू ठेवणारी शोधा आणि हे प्रकरण तिच्या फॉर्मवर लिहा. आणखी एक. कोटेशनमध्ये टिंबर पेस्टचं काम धरलंय का? काही पॉलिसी फक्त बिल्डिंगच्या असतात, वाळवीसाठी वेगळी ओळ लागते. अ‍ॅस्बेस्टॉस आणि बुरशी बहुतेक ठिकाणी वगळलेलीच असते.

जुना_मिस्त्री

सिडनीत १४ वर्षं हेच काम करतोय. आमच्याकडे बिल्डिंग तपासायला लायसन्सच लागत नाही, कुणीही शिडी घेऊन उभा राहतो. तुमच्या क्वीन्सलँडमध्ये लायसन्स आणि पीआय दोन्ही सक्तीचं, ते बरं.

कागदाचं ताईंनी सांगितलं, मी रिपोर्टचं बोलतो. पेस्टसाठी एएस (ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड) ४३४९.३ आणि बिल्डिंगसाठी एएस ४३४९.१, हे दोन्ही तुमच्या करारात असणारच. ‘तपासता आलं नाही’ एवढं लिहून सुटका नाही. का आलं नाही, तिथे काय असण्याचा धोका आहे आणि घेणाऱ्याने करार पक्का व्हायच्या आत काय करावं, हे तिन्ही हवं. जास्त रीडिंगखाली मी ठरलेलं वाक्य टाकतो: “या ठिकाणी भिंत उघडून तपासणी करून घ्यावी, तोवर येथे वाळवी नाही असे समजू नये.” एकदा मी ते विसरलो होतो. वकिलाने कोर्टाबाहेरच मिटवलं, पण एक्सेस माझ्याच खिशातून गेला. तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये असं बांधून घेतलंय की रीडिंगच्या रकान्यात आकडा टाकला की शिफारस भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

आता तुमच्या बाजूचं. वाळवी जिवंत आहे की जुनी, हे विचारलंत का? कॉप्टोटर्मिस जातीची असेल तर ११ महिन्यांत ती स्टड सहज पोकळ करते. म्हणजे तुम्ही पाहिलंत तेव्हा ती भिंतीत नव्हतीच, असंही असू शकतं. बाथरूमचं पाणी झिरपत असेल तर दुरुस्त केलं का? पण हे सगळं कंपनीच्या वकिलाने विचारायचं, तुम्ही मालकाशी वाद घालू नका.

आणि झोपा हो जरा. वाळवीवाल्याला एकदा तरी हे होतंच.

फरशीखालचा

दुपारी ३ वाजता ब्रोकरला सगळं पाठवलं. करारावर मालकाने तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फोनवर सही केली होती, वेळेसकट नोंद सापडली. मालकाला दोन ओळी गेल्या. ब्रोकरकडून पोच आली, कंपनीचा संदर्भ क्रमांकही मिळाला. विचारल्याबरोबर धावून आलात, आभारी आहे.

यारा_काठची

छान. त्या पोचेवर पॉलिसी नंबर चालू वर्षाचाच आहे ना? रिन्युअलच्या फाइलला जोडून टाकतात कधीकधी.

फरशीखालचा

पाहिलं. रिन्युअलचाच टाकला होता. फोन करून दुरुस्त करून घेतला, नवी पोच ५ मिनिटांपूर्वी आली.