मदत हवी आहे: लगून नेब्युला (एम ८), उन्हाळ्यातला नॉइज आणि तिरके पट्टे

नमस्कार मंडळी, डीएसएलआरवर डीप स्काय (नेब्युला, दीर्घिका अशा अंधुक गोष्टींचे फोटो) करणाऱ्यांनी जरा लक्ष द्या.

सेटअप असा: ८० एमएम एफ/६ ईडी रिफ्रॅक्टर, फ्लॅटनर, ईक्यू५ माउंट (आकाशाबरोबर फिरणारा स्टँड), ऑटोगायडिंग (दुसऱ्या छोट्या दुर्बिणीतून तारा धरून माउंट आपोआप दुरुस्त करणं), कॅनन ६००डी (मॉडिफाय केलेला नाही), स्टॅकिंग (अनेक फ्रेम्स एकावर एक जोडणं) सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये. ४८० एमएमला लगून आणि शेजारचा ट्रिफिड नेब्युला दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात, म्हणून हेच टार्गेट धरलंय.

आयएसओ ८००, १८० सेकंदांच्या फ्रेम्स. एकेक फ्रेम उघडून बघितली तर तारे गोल आहेत, मधली काळी पट्टी पण सुंदर दिसते, पण स्टॅक करून स्ट्रेच केलं (अंधुक भाग उजळला) की सगळ्या फ्रेमवर एकाच दिशेने तिरके लाल-हिरवे ओरखडे येतात, पाऊस पडल्यासारखे. वॉकिंग नॉइज म्हणतात तो हाच ना? डिदरिंग (फ्रेम्सच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) अजून चालू केलेलं नाही. गाइडस्कोप वेगळा बसवलाय, त्यामुळे फ्लेक्शर (दोन दुर्बिणी एकमेकींच्या तुलनेत किंचित वाकणं) असणार आणि फ्रेम हळूहळू सरकत असणार असा माझा अंदाज.

दुसरं म्हणजे गरमी. मे महिन्यात एम ८ रात्री अडीच-तीनला दक्षिणेत ४७ अंशांवर येतो, लंडनवाल्यांना तो जेमतेम १४ अंशांवर मिळतो, म्हणजे आपल्याला खरं तर सोन्यासारखी संधी आहे, पण सेन्सर तापलेला असतो. एक्झिफमध्ये (फोटोसोबत कॅमेरा नोंदवतो त्या माहितीत) मध्यरात्री ३८ अंश, पहाटे ३२. सेन्सरचा डार्क करंट (उष्णतेमुळे येणारा नको असलेला सिग्नल) दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो, मग पहाटे घेतलेल्या डार्क्स (झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या काढलेल्या फ्रेम्स, हा सिग्नल वजा करायला) मध्यरात्रीच्या फ्रेम्सना कशा लागणार? तुम्ही तापमानाप्रमाणे डार्क लायब्ररी करून ठेवता, की डार्क्स सोडून नुसत्या बायस (झाकण लावून सर्वात कमी वेळाच्या), फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) फ्रेम्स आणि डिदरिंगवर भागवता? डिदर दर फ्रेमला करायचा की तीन-चार फ्रेम्सनंतर? आणि १८० ऐवजी ६० सेकंद ठेवले तर आवरग्लासकडचा (एम ८ च्या मधला सर्वात तेजस्वी भाग) जळालेला भाग पण वाचेल असं वाटतंय, बरोबर आहे का?

शेवटचं, खर्चाचं. लाल पिक्सेल मुळात चारात एक, त्यात कॅमेऱ्याचा आतला फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा बराचसा अडवतो, म्हणून नेब्युला लाल न येता फिक्कट गुलाबी येतो. मॉडिफिकेशन (तो आतला फिल्टर काढणं किंवा बदलणं) स्वस्तात होईल, पण गरमी तशीच राहणार. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थेट कूल्ड कॅमेऱ्यासाठीच (सेन्सर थंड ठेवणाऱ्या) पैसे साठवावेत का? दोन्ही वापरलेल्यांनी प्लीज सांगा.

पावसाळ्याआधी आता एकच अमावस्या हातात आहे, ऑक्टोबरात हा संध्याकाळीच मावळतीला जातो, त्यामुळे निदान डिदर आणि डार्क्सचं तरी लवकर सांगा. रॉ फ्रेम्स हव्या असतील तर लिंक देतो.