मदत हवी आहे: कार्डधारकांचा दर खरा स्वस्त आहे का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये पूर्वी सरळ हिशेब होता. तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त असेल तर फरक बिलातून वजा व्हायचा, शिवाय दुकानाच्या सदस्य कार्डावर पॉइंट जमायचे. आता पॉइंट कमी करून कार्डधारकांसाठी वेगळा दर सुरू केलाय. किंमत जुळवणी ठरावीक वस्तूंपुरतीच उरली आहे, आणि तीही दुसऱ्या दुकानाच्या साध्या दराशी. तिथला कार्डाचा दर धरत नाहीत.

खरी पंचाईत शेल्फवरच्या चिठ्ठीने होते. कार्डाचा दर ठळक, मूळ दर बारीक, आणि किलोमागचा दर मात्र मूळ किमतीवरून काढलेला! मोठं पाकीट घ्यावं की दोन छोटी, हे उभ्या उभ्या कळतच नाही.

दोन महिन्यांची बिलं समोर ठेवून वहीत किलोमागचे दर मांडले. काही वस्तूंचा मूळ दर सवलत लागण्याच्या आठवडाभर आधीच वाढलेला दिसला. काउंटरवर विचारलं तर 'सिस्टीममधून येतं' म्हणाले. ईमेलला नियमावलीची लिंक आली.

कार्ड आणि ॲप दोन्ही माझ्याकडे आहेत, त्यामुळे ते घ्या असं सुचवू नका. घरपोच मागवणं परवडत नाही. आई स्मार्टफोन वापरत नाही, एकटी गेली की तिला चढा दरच पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, मूळ दर आधी किती होता हे तपासायची खात्रीची पद्धत कुणी वापरता का? आणि ॲपशिवाय, नुसत्या प्लास्टिक कार्डावर आईला तोच दर मिळू शकतो का?