त्याच त्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात : कार्यालयातील संगणकांसाठी सल्ला हवा आहे

तंत्रसाहाय्यक (धागाकर्ता)

सुमारे सत्तर संगणक असलेल्या कार्यालयात संगणकविषयक सर्व कामे मी एकटाच पाहतो. नवीन यंत्रे बसवणे, जुनी निकाली काढणे, नेटवर्क, ईमेल, बॅकअप ही कामे ठरलेली असतात आणि त्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. दिवस खातात त्या मोजक्या चार तक्रारी, ज्या आज मिटवल्या तरी पुढच्या आठवड्यात त्याच व्यक्तीकडून, जवळजवळ त्याच शब्दांत परत येतात.

पहिली तक्रार खाते लॉक होण्याची आहे. एका सहकाऱ्याने पासवर्ड बदलल्यापासून त्यांचे डोमेनचे (कार्यालयातील सर्व संगणकांवर चालणारे सामायिक) खाते सतत लॉक होते आणि अनलॉक करून दिले तरी तासाभरात पुन्हा तेच होते, मात्र पासवर्ड ते माझ्यासमोर अचूक टाकतात. दुसरी प्रिंटरची : यंत्र चालू, त्यावरचा दिवा हिरवा, कागद भरलेला, तरीही निम्म्या संगणकांवर तो ‘ऑफलाइन’ दिसतो. तिसरी म्हणजे ‘संगणक हळू झाला आहे’. रीस्टार्ट करा असे सुचवले की ‘रोज बंद करूनच घरी जातो’ असे उत्तर मिळते, आणि ते खरे असते. चौथी सामायिक फोल्डरमधील एक्सेल फाइलची : ती दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवली आहे असा संदेश येतो आणि ती दुसरी व्यक्ती त्या दिवशी रजेवर असते.

याशिवाय तक्रारी नोंदवण्यासाठी एखादी विनामूल्य प्रणाली सुचवावी, कारण सध्या त्या जिन्यात, जेवताना किंवा मी दुसऱ्याच्या टेबलाखाली वाकून केबल शोधत असताना तोंडी सांगितल्या जातात. ‘सरळ फॉरमॅट मारा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो मला कार्यालयातही फुकट मिळतो.

सर्व्हररूम

लॉक होणाऱ्या खात्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण याच तक्रारीत सर्वांत जास्त वेळ वाया जातो आणि हिचेच मूळ सर्वांत खात्रीने सापडते.

खाते लॉक झाले की डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे खाती व पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० या क्रमांकाची नोंद होते. आपल्याकडे एकाहून अधिक डोमेन कंट्रोलर असतील, तर पीडीसी एम्युलेटरची (लॉक झालेल्या खात्यांच्या नोंदी एकत्र येणाऱ्या मुख्य कंट्रोलरची) भूमिका ज्याच्याकडे आहे त्याचा लॉग प्रथम पाहावा. त्या नोंदीत ‘कॉलर कॉम्प्युटर नेम’ अशी एक ओळ असते. चुकीचा पासवर्ड कोणत्या यंत्राकडून आला ते तिथे लिहिलेले असते, आणि पुढचा सगळा तपास त्या एका नावावर ठरतो.

नाव त्या सहकाऱ्याच्याच संगणकाचे असेल, तर क्रेडेन्शिअल मॅनेजर उघडून जुन्या पासवर्डसह साठवलेल्या नोंदी काढून टाकाव्यात, मॅप केलेले ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडावेत आणि त्यांच्या खात्याखाली चालणारे एखादे शेड्यूल्ड टास्क आहे का ते पाहावे. नाव एखाद्या सर्व्हरचे असेल, तर त्यांनी तिथे रिमोट डेस्कटॉपने केलेले लॉगइन लॉगऑफ न करता नुसती खिडकी बंद करून सोडलेले असण्याची शक्यता बरीच असते. नाव मेल सर्व्हरचे असेल तर संशय मोबाइलवर घ्यावा, कारण मेलचे ॲप जुनाच पासवर्ड घेऊन निमूटपणे पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कार्यालयातील वायफाय डोमेनच्या पासवर्डवर चालत असेल, तर हाच प्रकार वायफायकडूनही होतो.

आता थोडे विषयाच्या कडेने, पण मूळ कारणाला धरून. दर काही महिन्यांनी सर्वांना पासवर्ड बदलायला लावण्याचा नियम आपल्याकडे असेल, तर तो वरिष्ठांसमोर चर्चेला ठेवावा. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना केवळ मुदत संपली म्हणून तो बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा-शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. त्याऐवजी लांब पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असावी. या तक्रारींचे पीक बहुतेक वेळा पासवर्ड बदलण्याच्या तारखेनंतरच येते, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

मुद्रणपीडित

माझे टोपणनाव वाचून आपण ओळखले असेल की मी प्रिंटरबद्दलच लिहिणार.

ज्या संगणकांवर प्रिंटर ऑफलाइन दिसतो, तिथे प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्स’ हे पान उघडून पाहावे. बहुतेक ठिकाणी ‘डब्ल्यूएसडी’ ने सुरू होणारे पोर्ट निवडलेले आढळेल. विंडोज प्रिंटर स्वतः शोधून जोडते तेव्हा पुष्कळदा हेच पोर्ट करते, आणि प्रिंटर झोपून उठला किंवा त्याचा पत्ता बदलला की या पोर्टची त्याच्याशी चुकामूक होते. उपाय दोन भागांत आहे : प्रथम राउटरवर किंवा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरवर त्या प्रिंटरसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, आणि मग प्रत्येक संगणकावर त्या पत्त्याचे ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट करून प्रिंटर त्यावर न्यावा. केवळ दुसरा भाग केला तर पत्ता बदलेल त्या दिवशी आपण पुन्हा त्याच जागी याल.

एवढे करूनही यंत्र ऑफलाइन दिसले, तर त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’ मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची सोय) समोरची खूण काढून पाहावी. प्रिंटरने त्या विचारणेला उत्तर दिले नाही, तर तो ठणठणीत असतानाही विंडोज त्याला बंद समजते.

‘माझा कागद भलत्याच प्रिंटरवर निघाला’ ही तक्रार अजून आपल्याकडे आली नसेल तर येईल. सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळावा असा एक पर्याय असतो, आणि तो चालू असला की त्या जागी शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डीफॉल्ट होतो. तो पर्याय मी सर्वत्र बंद ठेवतो.

अर्धविराम

‘रोज बंद करतो’ असे सांगणारे सहकारी खोटे बोलत नाहीत, आणि तरीही त्यांचा संगणक कित्येक दिवस पूर्णपणे बंद झालेला नसतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर वापरकर्त्याचे सत्र संपते, परंतु कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर) यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तीच उचलून काम पुढे सुरू होते. अडकलेला ड्रायव्हर त्यामुळे अडकलेलाच राहतो, आणि काही अपडेटही पूर्ण होत नाहीत. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ दाखवलेला असतो. काल संध्याकाळी बंद केलेल्या यंत्रावर तिथे बारा-तेरा दिवसांचा आकडा दिसला की सहकाऱ्यालाही मुद्दा पटतो, वाद घालावा लागत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ही सोय बंद करता येते. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या यंत्रांवर ती बंद केल्याने सुरू होण्याच्या वेळेत पडणारा फरक सहसा कोणाला जाणवतही नाही.

त्यानंतरही जी यंत्रे रेंगाळतात त्यांत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का ते पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये डोके घालण्यात अर्थ नाही, एसएसडी मागवावी. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसलेल्या यंत्रावर आता खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सर्व्हररूम

नोंदणीच्या प्रणालीबद्दल लिहायचे राहिले. ‘जीएलपीआय’ आणि ‘ओएसटिकेट’ या दोन्ही मुक्तस्रोत असून स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य चालवता येतात. यंत्रांची यादीही त्यातच ठेवायची असेल तर पहिली घ्यावी.

अर्धविराम

येथे माझे मत वेगळे आहे. एकट्या माणसाने आणखी एक सर्व्हर सांभाळायला घेऊ नये, कारण ती प्रणालीच बंद पडली की तिची तक्रार नोंदवायला जागा उरत नाही. तक्रारींसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता काढावा, जिन्यात सांगितलेली तक्रार ‘कृपया त्या पत्त्यावर एक ओळ पाठवा’ असे सांगून नम्रपणे परत करावी, आणि एका तक्त्यात तारीख, यंत्र, लक्षण व सापडलेले कारण एवढेच लिहावे. कारणाचा रकाना रिकामा राहिलेल्या तक्रारीच परत येतात, असा माझा अनुभव आहे.

तंत्रसाहाय्यक (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ४७४० च्या नोंदीत मेल सर्व्हरचे नाव निघाले. सहकाऱ्यांच्या मोबाइलवर पासवर्ड नवीनच होता, म्हणून थोडा वेळ कोडे पडले, पण घरी मुलांना खेळायला दिलेल्या जुन्या टॅबलेटवर कार्यालयाचा मेल अजून जोडलेला असल्याचे त्यांना आठवले. तो काढल्यापासून खाते लॉक झालेले नाही. प्रिंटरचे पोर्ट एका विभागात बदलले आहेत, उरलेले या आठवड्यात बदलेन. ईमेल पत्त्याची सूचना मला पटली आहे. एक्सेलच्या फाइलबद्दल कोणी सांगू शकेल का?

मुद्रणपीडित

फाइल ज्या सर्व्हरवर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडून ‘शेअर्ड फोल्डर्स’ खालील ‘ओपन फाइल्स’ पाहावे. कोणती फाइल कोणत्या खात्याने उघडली आहे ते दिसते आणि तेवढीच जोडणी तोडता येते. मात्र तोडण्यापूर्वी रजेवरील व्यक्तीचा संगणक नुसता लॉक करून ठेवलेला आहे का, हे अवश्य पाहावे, कारण त्यात जतन न केलेले बदल असतील तर ते मूळ फाइलमध्ये येणार नाहीत. यादीत फाइल दिसतच नसेल, तर एक्सेल मध्येच बंद पडल्यामुळे फोल्डरमध्ये टिल्ड व डॉलरच्या चिन्हांनी सुरू होणारी लपलेली छोटी फाइल मागे राहिलेली असते. ती काढली की मूळ फाइल लिहिण्यासाठी उघडते. फाइल एक्सप्लोररमधील पूर्वदृश्याचा रकाना चालू असला तरीही नुसती निवडलेली फाइल अडकते, म्हणून सामायिक फोल्डर वापरणाऱ्यांना तो बंद ठेवायला सांगावे.

एकाच तक्त्यात रोज अनेकांना लिहावे लागत असेल, तर ती फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर हलवावी. तिथे अनेकांना एकाच वेळी संपादन करता येते. जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपातील फाइल असेल तर आधी नव्या स्वरूपात जतन करावी, त्याशिवाय ही सोय मिळत नाही.