जपानी बैठकीतल्या ‘हाइ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
मी पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते. मध्यंतरी चाकणच्या एका कारखान्यात बैठक होती. आपले लोक दर समजावून सांगत होते, समोरचे पाहुणे वाक्यागणिक ‘हाइ, हाइ’ म्हणत होते आणि मी प्रत्येक वेळी ‘हो’ सांगत होते. आमच्याकडच्यांनी दर ठरला असं धरलं. आठवड्याने उत्तर आलं: दर मान्य नाही. कोणी खोटं बोललं नव्हतं, माझा ‘हो’ चुकला होता. मग योग्य शब्द कोणता? ‘जी’ सुचतो, पण तो हिंदी वाटतो.

प्रतिसाद:
‘हं’. फार तर ‘बरं’. आजी गोष्ट सांगताना आपण ‘हूं’ म्हणायचो तेव्हा गोष्ट पटली असं थोडंच म्हणत होतो? जागे आहोत, एवढंच तिला कळायला हवं असे.

प्रतिसाद:
बैठकीत ‘हं’ उर्मट वाटेल. ‘हाइ’मध्ये अदब आहे, ती कुठे गेली?

मात्र अर्थाबद्दल वरच्यांशी सहमत. बोलणाऱ्याला असा मधूनमधून प्रतिसाद देण्याला जपानीत ‘आइझुचि’ म्हणतात. ‘आइ’ म्हणजे परस्पर, ‘त्सुचि’ म्हणजे हातोडा. शब्द लोहाराच्या भट्टीतला. उस्ताद एक घाव घालतो, समोरचा शागीर्द लगेच दुसरा, आणि त्या तालावर लोखंड घडतं. म्हणून जपानीत आइझुचि ‘देत’ नाहीत, ‘मारतात’. ‘हाइ’, ‘ए’, ‘सो देसु ने’ हे सगळे त्या हातोड्याचे ठोके. (‘नारुहोदो’, म्हणजे ‘अस्सं होय’, हाही त्यातलाच, पण वरिष्ठांसमोर तो टाळावा असं शिष्टाचार शिकवणारे सांगतात.) ठोका चुकला की बोलणारा थबकतो. आपण आदराने गप्प बसून ऐकतो तेव्हा जपानी माणसाला शंका येते, यांना कळतंय ना?

कोणी ‘री ओढणे’ सुचवण्याआधीच सांगतो, तो शब्द नको. री ओढण्यात दुसऱ्याचं मत आपलं करून टाकणं आहे, आइझुचित ते नाही.

आणि ‘जी’ परका का वाटावा? पोवाड्यात शाहिराच्या ओळीमागे झीलकरी ‘जी रं जी जी’ म्हणतात. ते शाहिराचं म्हणणं तपासून मान्य करत नसतात, त्याचा ताल आणि दम सांभाळतात. आइझुचिच्या इतकं जवळ जाणारं मराठीत मला दुसरं काही सापडलं नाही.

प्रतिसाद:
‘हाइ’ला ‘हो’ पूर्ण वर्ज्य मात्र करू नका. ‘माल आज निघणार नाही का?’ याला जपानी माणूस ‘हाइ’ म्हणतो, म्हणजे निघणार नाही. आपणही ‘हो, नाही निघणार’ असंच म्हणतो. इथे ‘हो’ चपखल बसतो.

खरा घात दुसऱ्याच शब्दात होतो: ‘केन्तो शिमासु’. शब्दशः ‘विचार करतो’. खरोखर विचारही करतील, पण पुढे तारीख किंवा पुढचं पाऊल आलं नाही तर बहुधा तो नकार. लग्नाच्या बोलणीत पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी आठवा. ‘विचार करतो’ऐवजी ‘कळवतो’ म्हटलं तर मराठी माणसाला सूर बरोबर लागेल. ‘मुझुकाशी देसु’, म्हणजे ‘कठीण आहे’, हा तर जवळजवळ सरळ नकारच.

असाच शब्द ‘झेन्शो शिमासु’, म्हणजे ‘योग्य ते करू’. 1969 मध्ये जपानचे पंतप्रधान सातो आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या भेटीत कापड निर्यातीचा वाद निघाला, तेव्हा सातोंच्या अशाच उत्तराचा ठाम आश्वासन असा अनुवाद झाला, ही गोष्ट दुभाष्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाते. सातोंचे नेमके शब्द काय होते यावर वाद आहे. पण भाषांतराचा धोका कुठे असतो ते त्यातून कळतं.

प्रतिसाद:
विषय थोडा बाजूला नेतो. ‘नेमावाशी’ला काय म्हणाल? मोठं झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून, काही मुळं छाटून, नवी तंतुमुळं फुटू देतात, ती नेमावाशी. कचेरीत त्याचा अर्थ बैठकीआधी एकेकाला भेटून संमती मिळवणं. ‘मोर्चेबांधणी’त शत्रुत्व येतं. मला ‘आधी कानावर घालून ठेवणे’ आवडतं.

मूळ प्रश्नकर्ती:
‘कानावर घालणे’ घेतलं. ‘जी’ही घेतला, पण बैठकीत प्रत्येक ‘हाइ’चा अनुवाद आता करणार नाही. सुरुवातीलाच आपल्या लोकांना सांगेन, ‘ते ऐकतायत, होकार आला की मी वेगळा सांगेन.’

एक राहिलं. ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडतात आणि श्वास आत ओढतात, त्याला मी ‘जरा…’ म्हणून तसंच अर्धवट सोडते. ऐकणाऱ्याला नकार पोहोचतो का?

प्रतिसाद:
पोहोचतो. फक्त ‘जरा’नंतर थांबा, घाईने वाक्य पुरं करू नका.