‘फ्लश’, ‘डर्टी पेज’, ‘बॅरियर’: मराठीत काय म्हणावं?

हर्णैहून, मूळ प्रश्न

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सर्व्हरची माहिती मराठीत लिहून ठेवतोय. लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. होड्यांची नोंद, डिझेलचा कोटा, वर्गणी, सगळं त्यातच. पुढच्या महिन्यापासून हे काम सोसायटीतलीच एक मुलगी बघणार आहे. ती वाणिज्य शाखेची, हिशेबाला पक्की, पण डिस्कच्या सेटिंगला कधी हात लावलेला नाही.

‘फ्लश’पाशी, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवण्यापाशी, गाडी अडलीय. ‘निस्सारण’ लिहिलं तर ती म्हणाली, “म्हणजे डेटा टाकून देतात?” तिचं बरोबर आहे. निस्सारण सांडपाण्याचं होतं.

शब्दासाठी एवढा आग्रह का, तेही सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्या दिवशी वीज जाण्याआधी आम्ही घाईघाईने नोंदी भरत होतो. पडद्यावर ‘जतन झाले’ आलं, पावत्या छापून हातात पडल्या. वीज गेली, यूपीएसनेही दम सोडला. पुढे वीज आल्यावर डेटाबेस उघडेचना. शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून उभा केला आणि त्या दिवसाच्या नोंदी पावतीपुस्तकावरून एकेक करून पुन्हा भरल्या. ‘लिहिलं’ आणि ‘डिस्कवर टिकलं’ यांत जे अंतर आहे, ते दाखवणारा शब्द मला हवाय.

रत्नागिरीहून

दादा, वाणिज्यवाली आहे ना, मग तिच्याच वह्यांतले शब्द घ्या. मी पंधरा वर्षं हिशेबनीस होते, नंतर संगणकाकडे वळले, त्यामुळे मला हे दोन्हीकडून दिसतं.

पोस्टग्रेस आधी काय बदललं ते वॉलमध्ये (‘राइट-अहेड लॉग’, बदलांची नोंदवही) लिहितं. ती रोजकीर्द. क्रमाने, एकाखाली एक, खाडाखोड नाही. कमिट म्हणजे कीर्दीतली ओळ डिस्कवर पोचल्याची खात्री, आणि ही खात्री करून घ्यायला ते लिनक्सला एफसिंक, म्हणजे ‘हे आत्ता डिस्कवर उतरव’, असं सांगतं. टेबलांची मूळ पानं, आठ-आठ केबीची, ही खतावणी. ती लगेच लिहीत नाहीत, चेकपॉइंटला, म्हणजे ठरावीक वेळाने, लिहितात. मूळ सेटिंगमध्ये ती वेळ पाच मिनिटांची असते. दुकानदारही गिऱ्हाईक समोर असताना खतावणी काढून बसत नाही, कीर्दीत ओळ मारतो आणि दिवे लागल्यावर खतवतो. वीज गेली तर खतावणी अर्धवट राहू दे, कीर्द शाबूत असली की तिच्यावरून ती पुन्हा उभी राहते.

म्हणून ‘डर्टी पेज’ला मळकं पान म्हणू नका. त्या पानात घाण काही नाही, उलट सगळ्यात ताजी माहिती तिथेच असते. ते ‘कच्चं पान’. मेमरीत आहे, डिस्कवर उतरलेलं नाही. आणि फ्लश म्हणजे ‘पक्क्यात उतरवणं’. “नोंद पक्क्यात उतरली का?” हे तिला शिकवावंही लागणार नाही.

वॉल वेगळ्या डिस्कवर ठेवा असं सांगतात, त्याचं कारणही यातच आहे: कीर्द सरळ रेषेत चालते, खतावणीत सारखी पानं उलटावी लागतात.

पेणहून

ताईंचं ‘कच्चं पान’ उत्तम. माझी भर कच्ची पानं किती साठू द्यायची, याबद्दल. आमच्या खारेपाटात बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर पडतं, भरतीला झापडं मिटतं. ती गाळाने चोंदली तर शेतात पाणी तुंबतं, मग एकदम काढायला गेलात की बांधावर ताण.

लिनक्समध्ये यासाठी दोन आकडे आहेत. डर्टी बॅकग्राउंड रेशो सहसा १० असतो: मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या १० टक्के पानं कच्ची झाली की उघाडी चालू, काम मागच्या मागे होतं. डर्टी रेशो २०: तिथे पोचलं की पाणी उतरेपर्यंत लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरतात. काउंटरवरचा माणूस तेव्हाच म्हणतो, मशीन अडकलं. ६४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर १० टक्के म्हणजे सहा जीबीच्या आसपास तुंबारा, साध्या डिस्कला तो झेपत नाही. म्हणून टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये मर्यादा द्यावी, काही शे एमबी. उघाडी लवकर उघडावी आणि थोडी थोडी वाहत राहावी.

मालवणहून

‘रीड-अहेड’ला मी ‘आगाऊ वाचन’ म्हणतो. आगाऊ रक्कम म्हणतो तसं. दुसरा अर्थही इथे उपयोगी पडतो: डेटाबेस इकडचं एक पान, तिकडचं एक पान मागत असताना लिनक्सने न मागितलेलं पुढचं वाचत सुटणं हा खराखुरा आगाऊपणा. पण बॅकअपसारखं सलग वाचन असेल तर तेच फायद्याचं. एक खाचखळगा सांगून ठेवतो. सेटआरएला (आगाऊ वाचन किती करायचं ते ठरवणारी आज्ञा) दिलेला आकडा केबीत नसतो, ५१२ बाइटच्या सेक्टरांत असतो. २५६ दिसलं तर ते १२८ केबी.

आणि ‘डेडलाइन’ला मुदत. लिनक्समध्ये डिस्कच्या कामांची रांग लावणारा एमक्यू-डेडलाइन असतो, त्यात वाचनाची मुदत अर्धा सेकंद, लेखनाची पाच.

हर्णैहून

सगळ्यांचे आभार. कीर्द-खतावणी तिला वाचून दाखवली, तिने अर्ध्यातच थांबवून पुढचं स्वतः सांगितलं.

आता खरा सल. ‘बॅरियर’. त्या वादळानंतर शोध घेतला तेव्हा एफएसटॅबमध्ये (डिस्क कशी जोडायची ते लिहिलेली फाइल) ईएक्सटी-४ या फाइलसिस्टिमच्या ओळीवर ‘बॅरियर=०’ सापडलं. वेग वाढावा म्हणून आधीच्या कोणीतरी घातलेलं. त्याची मराठी टिपणवही माझ्याकडे आहे, तिच्यात लिहिलंय: ‘अडथळा काढला’. हे वाचून कोणालाही बरंच वाटेल! अडथळा काढणं चांगलंच काम की. प्रत्यक्षात त्याने झालं असं, की लिनक्सने डिस्कला तिची स्वतःची कॅश (डिस्कमधली तात्पुरती मेमरी) पक्क्यात उतरवायला सांगणंच सोडलं. डिस्कने ‘झालं’ म्हटलं, पोस्टग्रेसने विश्वास ठेवला, कीर्द डिस्कच्या कॅशमध्येच राहिली.

रत्नागिरीहून

बॅरियरचं मुख्य काम अडवण्याचं नाही, क्रम राखण्याचं आहे. आधीचं सगळं पक्क्यात उतरल्याशिवाय पुढचं नाही. ‘पाळी’ म्हणाल का?

पेणहून

अर्थाने पाळी बरोबर. पण पाळी मोडायला माणूस कचरत नाही. आमच्याकडे खारबांधाला कुदळ लावायची तर गाव जमतं. बांध म्हणा.

हर्णैहून

दोन्ही शब्द तिच्यापुढे ठेवले. समजावताना पाळी, नाव म्हणून बांध, असं तिने ठरवलं. आज ‘बॅरियर=१’ करून तिने त्या ओळीच्या वर स्वतःच्या शब्दांत शेरा टाकला: ‘हा बांध आहे. वेगासाठी फोडू नये.’